निळीचा ओढा, हळदीचे रस्ते

हे लिहिताना मला संकोच वाटतो आहे, आणि तो लपवण्याइतके लेखनकौशल्य माझ्याजवळ नाही. आयुष्यभर मी हिंगोलीत मुलांना भूगोल शिकवला. दुसऱ्यांनी शोधलेले समजावून सांगणे हे माझे काम होते; स्वतःचे काही सांगण्याची सवय मला कधी लागली नाही. निवृत्तीनंतर मुलांसाठी एक कादंबरी लिहायला घेतली, तेव्हाही शेजारणीने दार बंद का असते म्हणून विचारले की मी 'जुने कागद आवरते आहे' असे सांगत असे. म्हणून वाचकांनी या लेखाकडे उशिरा वर्गात येऊन मागच्या बाकावर बसलेल्या विद्यार्थिनीचा निबंध म्हणून पाहावे, ही विनंती.

कादंबरीतले शहर जगात कुठेही नाही. ते मीच वसवले आहे. पुस्तकाचे काम पाहणारी पुण्याची संपादक मुलगी फोनवर म्हणाली, "मॅडम, सुरुवातीला नकाशा टाकू या. पण असा, की मुलांना वाटलं पाहिजे, इथे एसटीने जाता येतं."

हे काम मला जमण्यासारखे होते. कल्पनेतल्या शहराचा नकाशा खोटा कधी वाटतो? आधी रस्ते काढून मग त्यांच्या कडेला घरे चिकटवली की खोटा वाटतो. वर्गात मी मुलांना सांगत असे, पाण्यापासून सुरुवात करा. पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते ठरले, की उरलेले शहर आपोआप वसत जाते. नदी जिथे पायी ओलांडता येते तिथे उतार. उतारापाशी बैलगाड्या खोळंबतात म्हणून तिथे बाजार. बाजाराला धान्य साठवावे लागते म्हणून त्याच्या मागे उंचावर कोठारे. कोठारांना राखण हवी म्हणून त्यांच्याही वर गढी. वळणावर गल्ली रुंद, कारण लादलेली गाडी एका दमात वळत नाही. कुंभारांच्या भट्ट्या वाऱ्याच्या खालच्या अंगाला. हे सारे मी रीतसर केले. माझी नायिका चिमी रंगाऱ्याची मुलगी आहे. रंगाऱ्यांची वस्ती मी नदीपलीकडे, खालच्या बाजूला टाकली. रंगाचे पाणी वर सोडले तर सगळे शहर रंगीत पाणी पिईल. तेव्हा कारण बिनतोड होते. चिमी रोज सकाळी रंगवलेल्या सुताची गुंडाळी डोक्यावर घेऊन पूल ओलांडते, आणि त्या पुलावर पहिले प्रकरण सुरू होते. नकाशा पेन्सिलीने पूर्ण झाला होता. शाई तेवढी चढवायची राहिली होती. आठवड्याअखेर तो पुण्याला पाठवायचा होता.

नेमक्या त्या दिवसांत दादाचा निरोप आला. चौदा एप्रिलची जयंती जवळ आली, घराला रंग देतो आहोत, मायची पेटी रिकामी करायची आहे, येऊन बघून जा.

कळमनुरी, आखाडा बाळापूर करत बस डोंगरकड्याला थांबते. तिथून आमच्या गावाला पूर्वी पायी जावे लागे. आता ऑटो मिळतो. वाटेत केळीच्या बागा आहेत. वाऱ्याने फाटलेली पाने एकमेकांवर आपटतात, तो आवाज लांबून पावसासारखा येतो आणि जवळ गेल्यावर कागदासारखा. लहानपणी मी डोळे मिटून या आवाजावरून घर किती जवळ आले ते ओळखत असे. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. ओढ्यावर आता सिमेंटचा पूल आहे, त्यावर दुचाक्या उभ्या असतात आणि कठड्यावर पोरे मोबाइल बघत बसलेली असतात. माझ्या लहानपणी तिथे दगड होते, आणि प्रत्येक दगडाचा डुगडुगण्याचा ढंग आमच्या पायांना ठाऊक होता.

घरात नव्या रंगाचा गुळगुळीत वास होता. जुना वास असा नव्हता. पूर्वी जयंतीआधी अंगणात पिंपात चुन्याचे खडे टाकून पाणी ओतत. पिंप खदखदू लागे, वाफ येई, आणि घशात एक कोरडी, किंचित खारट चव उतरे. माय त्यात फडक्यात बांधलेली नीळ बुडवून फिरवी. ओली भिंत राखाडी दिसे. दुपारच्या उन्हात ती वाळत गेली की हळूहळू आभाळाचा रंग धरी. तिसऱ्या प्रहरी आमच्या ओळीतली सगळी घरे एका रंगाची झालेली असत. हातांना भेगा पडत, त्यांना माय रात्री गोडेतेल लावी.

दादाने पेटी ओट्यावर आणून ठेवली होती. वरच्या वाकळा निघाल्या, मायची दोन लुगडी निघाली, आणि तळाला अंथरलेला एक मोठा, घड्या पडलेला कागद दिसला. दादाने तो उचलला, उलटा केला आणि पुन्हा सुलटा केला.

"बाई, ह्ये बघ," तो म्हणाला. "बारापान!"

वहिनी ब्रश हातात घेऊन दारात आली. "काय सापडलं वं? सोनं हाय का?"

"शहर हाय," दादा म्हणाला.

"मंग इका अन् माझी भिंत पुरी करा."

बारापान हे आम्ही दोघा भावंडांनी वसवलेले शहर. आडत दुकानातून मिळालेले कॅलेंडर वर्ष संपले की आमच्या मालकीचे होई. त्याची पाने एका बाजूने छापलेली आणि पाठीने कोरी असत. माय ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून देई. बोट भाजेल इतकी गरम असतानाच ती लावावी लागे. गार झाली की तिच्या गुठळ्या होत. खळीचा वास मला अजून आवडतो, भाकरी आणि ओली माती यांच्यामधला. तीन ओळींत चार-चार अशी बारा पाने चिकटवली, म्हणून शहराचे नाव बारापान. कागद उजेडासमोर धरला की घरांच्या मागून तारखा दिसत, उलट्या. बाजार मार्चच्या पाठीवर होता, एसटी स्टँड जूनच्या. ओढा ऑगस्टवरून निघून एप्रिलकडे जात असे, आणि त्यात आम्हाला काही वावगे वाटत नव्हते.

रंग विकत आणण्याची पद्धत आमच्या घरी नव्हती. घरे आम्ही चुलीतल्या कोळशाने काढली. पाण्याला मायची नीळ होती. आणि रस्ते हळदीचे. कुरुंद्याची मावशी दरवर्षी नवी हळद घेऊन येई. तिच्याकडे फाल्गुनात हळद शिजे, तेव्हा गावात शिरण्याआधीच तो उग्र, मातकट वास नाकाला भिडे. मावशीच्या लुगड्याला, केसांना, तिने आणलेल्या लाडवांनाही तो असे. मूठभर हळद वाटीत कालवून आम्ही बाभळीच्या चावलेल्या काडीने रस्ते ओढत गेलो. कसले पिवळेधमक रस्ते होते ते! माय म्हणाली होती, "लगनाचं शहर दिसून राहिलं."

हळद उन्हात उडते, हे हळदीच्या मुलखात जन्मलेल्या आम्हाला ठाऊक असायला हवे होते. लुगड्यावरचा डाग माय नुसता उन्हात टाकून घालवत असे, ते आम्ही रोज पाहत होतो. तरीही नकाशा आम्ही दारासमोरच्या भिंतीवर लावला, जिथे सकाळचे ऊन सरळ येई. एक उन्हाळा गेला आणि बारापानचे रस्ते गेले. पुढे केव्हातरी मायने तो उतरवून पेटीच्या तळाला घातला असावा.

आता ओट्यावर पसरलेल्या कागदावर घरे होती, ओढा होता, आणि एका घरातून दुसऱ्या घरी जायला वाट नव्हती.

दादाने गुडघे टेकले. तो पोस्टातून निवृत्त झाला आहे, पण त्याची नोकरी त्या कागदावरच लागली होती असे मी त्याला नेहमी चिडवते. "ह्ये पोस्ट. अजून हाय जागेवर."

"कोळशाचं आहे म्हणून," मी म्हटले.

"टपाल बराबर पोचत होतं बारापानात. एक बी पत्र माघारी नव्हतं."

हे खरे होते. आमच्या खेळाचा नियमच तो होता. नवे घर काढले की दादा त्या घराला पत्र लिही, आणि मी पोस्टापासून तिथपर्यंत बोटाने चालत जाई. बोट कागदावरून उचलायचे नाही. मध्ये भिंत आली, वाट संपली, की पत्र अडले, आणि मग तिथे गल्ली काढावीच लागे. अशाने ते शहर वाढत गेले. कुठे तंबूतला सिनेमा, कुठे पिठाची गिरणी, कुठे केवळ दादाच्या हट्टापायी दोन-दोन हौद. भर दुपारी घरातली मोठी माणसे निजलेली असत, छपराचे पत्रे उन्हाने तडतडत, लांब कुठेतरी गिरणीचा पट्टा फटफट वाजत असे, आणि आम्ही पालथे पडून शहर चालवत असू. ओल्या हळदीत बुडालेले माझे बोट आठवडाभर पिवळे राही. वर्गात बाई विचारत, "कुणाच्या हळदीला गेली होतीस गं?"

"आबांचं ते आठवते का?" दादाने विचारले.

मला तेच आठवत होते. त्याचे बोट ओढ्याच्या ज्या जागी थांबले होते, तिथेच माझी नजरही होती.

आबा, म्हणजे आमचे वडील, शेजारच्या गावी प्राथमिक शिक्षक होते. सायकल ओट्याला टेकवून ते आत आले. असेच जयंतीआधीचे दिवस होते. माय अंगणात चुना ढवळत होती. आबांनी पायजम्याला लावलेला चाप काढला, ते तांब्याभर पाणी प्याले, आणि कागदाजवळ उकिडवे बसले. त्यांनी शहर नीट पाहिले. पोस्ट पाहिले, सिनेमा पाहिला, दोन्ही हौद पाहिले.

"कुणी वसवलं ह्ये शहर?"

"आमी," दादा म्हणाला.

"दोघांनीच?"

"व्हय."

"कुणाला कुठं ठेवायचं, ते कुणी सांगितलं व्हतं का?"

"न्हाई."

"मंग आपलं घर कोणतं?"

मी बोट ठेवले. एप्रिलच्या पाठीवर, ओढ्याच्या पलीकडे, खालच्या कोपऱ्यात आमचे घर होते. त्याच्या शेजारी आमच्या वस्तीतली सगळी घरे, खऱ्या क्रमाने. ती आम्ही अगदी पहिल्या दिवशी काढली होती.

"सगळा कागद कोरा व्हता," आबा म्हणाले. "मंग तुमी पल्याड काहून जाऊन बसलात?"

दादाला प्रश्नच कळला नाही. "आपलं घर पल्याडच असते, आबा."

माय ढवळायचे थांबली. "लेकरायचा खेळ हाय तो. काहून उगी तकलीफ देऊन राहिले त्यायला?"

"खेळ हाय म्हणून तर इचारून राहिलो," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. शाळेत गणित चुकलेल्या मुलाशी ते बोलत, तसाच होता.

मी रडण्याच्या बेतात होते. एवढे छान घर, त्याला दार होते, दारात कोंबडी होती. मी विचारले, "पुसून अल्याड काढू का?"

"घर काहून पुसतीस? तुझं घर चांगलं हाय. वढा हलवा."

एवढे बोलून ते कपडे बदलायला गेले.

नीळ पुसली जात नाही. ओले फडके लावले तर ती पसरते. म्हणून आम्ही मायच्या पिंपातला चुना वाटीत घेतला आणि काडीने ओढ्यावर फिरवला. वाळल्यावर ओढा पांढरा झाला. पण चुना जिथे हळदीच्या रस्त्याला लागला, तिथे रस्ता लालभडक झाला. दादा दचकून मागे सरकला. चुना आणि हळद एकत्र आली की लाल होणारच, हे घराघरांत माहीत असते; तरी आपल्या शहराच्या रस्त्यावर ते अचानक उमटलेले पाहणे वेगळे होते. माय हसत सुटली. "घ्या! ह्यायच्या शहरात दंगल झाली."

जुना ओढा असा बुजवला. नवा मात्र आम्हाला काढता आला नाही. दादाच्या मते तो पोस्टामागून जायला हवा होता. मला तो सिनेमाजवळून हवा होता. जिथून न्यावा तिथे कुणीतरी पलीकडे पडत होते, आणि ज्याला पलीकडे टाकावे, त्याचे तोंड आम्हाला ओळखीचे असे. मग जयंती आली. निळे झेंडे, नवे कपडे, रात्रीची गाणी, आणि पंगतीतल्या बुंदीचा तुपकट वास. बारापान त्यानंतर बिनओढ्याचेच राहिले. हौद दोन होते, म्हणून पाण्याचे कुणी विचारले नाही.

मधल्या वर्षांत कागदावरचा चुना पापुद्रे धरून झडून गेला होता. पेटीच्या तळाशी त्याची पांढरी पूड सापडली. खालची नीळ जशीच्या तशी होती. आम्ही बुजवलेला ओढा ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत पुन्हा वाहत होता, आणि आमचे घर, दारातल्या कोंबडीसह, पुन्हा पलीकडे होते. रस्त्यांची खूण तेवढी एकाच ठिकाणी राहिली होती: ओढ्याच्या काठाला, लाल होऊन विटलेला, बोटाएवढा तपकिरी डाग.

जेवणे झाल्यावर मी पिशवीतून माझा नवा नकाशा काढला. दादाला दाखवावा असे मनात होतेच. शाई चढवण्यापूर्वी कुणीतरी 'चांगला आहे' म्हणावे, एवढीच अपेक्षा होती. त्याने चष्मा पुसला. उतार पाहिला, बाजार पाहिला, गढी पाहून मान डोलावली.

"पोस्ट कुठंय?"

"त्या काळात पोस्ट नव्हतं, दादा."

"मंग काय कामाचं शहर?" तो म्हणाला. पुढे त्याने विचारले, "अन् तुझ्या त्या पोरीचं घर?"

मी बोट ठेवले. ठेवताक्षणी मला माझे बोट दिसले. ते नदीच्या पलीकडे, खालच्या कोपऱ्यात होते.

दादा म्हणाला, "हिला कुणी टाकलं तिथं?"

"तसं नाही. रंगाचं पाणी खाली सोडावं लागतं. वर सोडलं तर सगळ्या गावाला—"

"व्हय, व्हय. कारण बराबर हाय तुझं." त्याने चष्मा काढला. "कारण तर बराबरच असते, बाई. आपल्या वक्ताला बी कुणीतरी बराबर कारणच सांगितलं असंल."

वहिनी भिंतीकडे तोंड करून रंग देत होती. ती न वळता म्हणाली, "एवढं शिकून बी ताई पल्याडच जाऊन बसल्या का?"

मी हसले; तिघेही हसलो. पण नकाशाची गुंडाळी करताना मी मनात हिशेब मांडू लागले. चिमीचे घर अलीकडे आणले तर ती पूल ओलांडणार नाही. पूल गेला तर पहिले प्रकरण गेले, आणि त्या प्रकरणावर पुढची सगळी टांगलेली आहेत. मी आयुष्यात लिहिलेले एकुलते एक पुस्तक, आणि ते एका पुलावर उभे होते. घर तिथेच ठेवले, तर पुस्तक आठवड्याअखेर पुण्याला जाईल, आणि ते वाचणारी मुले मान्य करतील की हे शहर अगदी खरे वाटते. तीच तर अडचण होती.

"सगळं परत लिहावं लागेल," मी म्हटले.

"मंग लिव. तुला कुठं उद्या शाळा हाय?"

वहिनीने ब्रश डब्यावर आडवा ठेवला, हात पुसले, आणि खिळ्यावरच्या कॅलेंडरचे वरचे पान टरकन फाडून माझ्यासमोर धरले. "घ्या. मार्च तर गेलाच. पाठ कोरी हाय."

मी ओट्यावर बसले. पेन्सिल हातात होती, आणि हात सवयीने कागदाच्या वरच्या कडेकडे गेला, जिथून नदी सुरू होते. मी तो मागे घेतला. पानाच्या मध्यावर एक घर काढले. त्याला दार काढले. सूत वाळत घालायला अंगणात दोन खांब काढले, आणि दारात एक कोंबडी. पाण्याआधी घर काढण्याची माझी ही पहिलीच वेळ. वर्गात कुणी असा नकाशा काढला असता, तर मी गुण कापले असते.

दादा वाकून बघत होता. "आता?"

"आता शेजार."

"शेजारी कोण?"

मी पेन्सिल घराच्या उजवीकडे नेली, मग डावीकडे. ऊन कलले, केळीच्या पानांचा आवाज मंदावला, ओल्या भिंतीचा रंग जरा फिका झाला, तरी दोन्ही बाजू कोऱ्याच होत्या.

हिंगोलीला परतून आता बरेच दिवस झाले. संपादक मुलीला मी कळवले की नकाशाला उशीर होईल, आणि कादंबरीलाही. तिने विचारले, "मॅडम, काही चुकलं का?" मी म्हटले, "मोजमाप बरोबर आहे." बारापानचा कागद मी सोबत आणला आहे. तो उन्हापासून दूर ठेवला आहे, जरी आता उडून जाण्यासारखे त्यावर काही उरलेले नाही. त्याच्या शेजारी मार्चचे पान आहे. नदी मी अजून काढलेली नाही. ती येईल, पाण्यावाचून शहर होत नाही, आणि रंगाचे पाणी कुठे सोडावे हा प्रश्नही सुटलेला नाही. मात्र या वेळी नदीला घरांमधून वाट काढत यावे लागेल.

रोज सकाळी पेन्सिलीला टोक काढते आणि चिमीच्या घराच्या उजव्या-डाव्या बाजूच्या कोऱ्या जागेकडे पाहत बसते. मला हे एकटीला ठरवता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारते. अख्खा कागद कोरा असताना तुम्ही शहर वसवायला बसलात, तर पहिले घर कुणाचे काढाल, आणि त्याच्या शेजारी कुणाला राहू द्याल?